चौकशी झाली, पुढे काय?

१. एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न

एवढा गवगवा झाला, चौकशी लागली, मंत्री पायउतार झाले. मग शेवटी कोणाला काही झालं का? वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो, आणि बहुतेकदा उत्तरही त्यानेच तयार ठेवलेलं असतं: सगळे एकाच माळेचे मणी. या उत्तराने मन मोकळं होतं, पण हाती काही लागत नाही. सगळेच सारखे असतील तर काही घोटाळ्यांचा निकाल महिन्याभरात का लागला आणि काहींच्या फायली तीन-तीन सरकारं का फिरत राहिल्या, याचा उलगडा त्यातून होत नाही. तो करायचा तर आधी प्रश्न सुटा करायला हवा. समजा, एका सरकारी खात्याने दहा रुपयांची वस्तू पंधराला घेतली आणि पुरवठादार मंत्र्यांचा नातेवाईक निघाला. मंत्र्यांनी पैसे खाल्ले हे न्यायालयात शाबित करायचं तर पैशांचा माग काढावा लागेल आणि तोही शंकेला जागा न ठेवता. मंत्र्यांनी पद सोडण्यासाठी मात्र इतका पुरावा लागत नाही. आपल्या खात्यावर त्यांचं लक्ष नव्हतं, एवढंही पुरेसं असतं. आणि पुढच्या वर्षी तीच वस्तू पुन्हा पंधराला घेतली जाऊ नये यासाठी दोषी कोण हे कळण्याचीही गरज नाही. खरेदीची पद्धत बदलली की काम झालं. म्हणजे शिक्षा, पद आणि दुरुस्ती हे तीन वेगळे हिशेब आहेत. त्यांची न्यायासनं वेगळी, पुरावे वेगळे आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा.

हा भेद ध्यानात घेतला की काही कोडी आपोआप सुटतात. दूरसंचार परवान्यांच्या टूजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. तपासयंत्रणा त्याविरुद्ध अपिलात गेली, तो भाग वेगळा. पण ‘घोटाळा झाला की नाही, एकदाचं सांगून टाका’ असं वैतागून म्हणणाऱ्याने हे पाहावं की दोन न्यायालयांपुढचे प्रश्नच निराळे होते. परवाने वाटण्याची रीत मनमानी होती का, हा एक. अमुक माणसाने लाच घेऊन ते वाटले का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचं ‘सिद्ध झालं नाही’ असं असू शकतं.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. चौकशी आयोगांचा कायदा १९५२ पासून आहे, महाराष्ट्रात लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्ये झाला, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, माहिती अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. शिवाय महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे. तरी प्रकरणं अडतात, आणि ती साधारण ठरावीक ठिकाणीच अडतात: एक पाऊल संपल्यावर पुढचं कोणी टाकायचं आणि किती दिवसांत, हे ज्याच्यावर बोट आहे त्याच्याच बाजूच्या मर्जीवर सोडलेलं असतं तिथे. ती ठिकाणं एकेक करून पाहू.

२. चोवीस दिवसांत आलेला अहवाल

स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं आर्थिक प्रकरण मुंबईत तपासलं गेलं. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झालं. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, नव्या आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. महामंडळाच्या स्वतःच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलंही नव्हतं. विमाधारकांचा पैसा अडचणीतल्या माणसाला हात देण्यासाठी वापरला गेला, असा संशय आला. डिसेंबरमध्ये लोकसभेत हा प्रश्न धसाला लावला फिरोझ गांधी यांनी, आणि ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी उघड झाली; इतकी गर्दी लोटली की बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून ध्वनिक्षेपक लावावे लागले. १० फेब्रुवारीला अहवाल हातात होता. नेमणुकीपासून २४ दिवस. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

या अहवालातलं एक सूत्र पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. व्यवहार सचिवांच्या पातळीवर झाला, आपण त्याला संमती दिली नव्हती, असा मंत्र्यांचा बचाव होता. छागलांचं म्हणणं असं की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही. यश आलं तर माझं आणि अंगाशी आलं तर कारकुनाचं, असा कारभार संसदीय पद्धतीत चालत नाही. आपल्या तीन हिशेबांपैकी ‘पद’ हा हिशेब असा स्वतंत्रपणे, शिक्षेची वाट न पाहता, पूर्ण झाला. मंत्र्यांचं राजकीय आयुष्य काही त्यामुळे संपलं नाही. १९६३ मध्ये कृष्णम्माचारी पुन्हा अर्थमंत्री झाले.

यावर कोणी म्हणेल की ते प्रकरण साधं होतं, काळ वेगळा होता, माणसं वेगळी होती. प्रकरण तुलनेने आटोपशीर होतं हे खरं आहे. पण माणसं सज्जन होती म्हणून लवकर झालं, हे स्पष्टीकरण फारसं टिकत नाही. सज्जन होती तर शेअर घेतले कोणी? वेग आला तो रचनेतून. प्रश्न एकच आणि नेमका होता, कागद सहा-सात महिन्यांपूर्वीचे होते, साक्षीदार अजून त्याच खुर्च्यांवर होते आणि साक्षी उघड्यावर झाल्याने काय निघतंय हे सगळ्यांना रोज कळत होतं. अहवाल दडपायचा म्हटला तरी त्यातलं निम्मं आधीच लोकांना ठाऊक झालेलं होतं.

३. आयोग काय करू शकतो आणि काय नाही

‘न्यायमूर्तींची चौकशी लावली’ म्हटलं की अनेकांना वाटतं, आता खटलाच उभा राहिला. आयोग हे न्यायालय नव्हे. १९५२ च्या कायद्याखाली नेमलेला आयोग साक्षीदार बोलावतो, कागद मागवतो, प्रत्यक्षात काय घडलं याचा अंदाज बांधतो आणि शिफारस करतो. शिक्षा करत नाही. इतकंच काय, आयोगापुढे दिलेली जबानी नंतर त्याच साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. ही तरतूद समजण्यासारखी आहे, कारण तिच्याशिवाय कोणी तोंडच उघडणार नाही. पण याचा अर्थ असा की आयोगाचा हजार पानांचा अहवाल पोलिसांसाठी आरोपपत्र नसतो. तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आणि आयोग नेमायचा की नाही, कोणाचा, कोणत्या मुद्द्यांवर, मुदतवाढ द्यायची की नाही, हे ठरवतं सरकार. नको झाला तर गुंडाळण्याचाही अधिकार त्यालाच. महाराष्ट्राने हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. मुंबईतल्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवर नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने बरखास्त केला आणि काही महिन्यांत, ओरड झाल्यावर आणि दिल्लीतून सांगणं आल्यावर, पुन्हा जिवंत केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात आला, आणि सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले. कायद्याने अहवाल मांडायचं बंधन आहे, मानायचं नाही.

कुलाब्यातल्या ‘आदर्श’ या ३१ मजली इमारतीची गोष्ट याच वळणाने गेली. युद्धात लढलेल्या जवानांसाठी आणि वीरपत्नींसाठी म्हणून सांगितल्या गेलेल्या या सोसायटीत अधिकारी आणि राजकारण्यांचे नातेवाईक सभासद असल्याचं २०१० मध्ये गाजलं, आणि नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी पद सोडलं. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या आयोगाने एप्रिल २०१३ मध्ये अंतिम अहवाल दिला. जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलच्या जवानांसाठी राखीव नव्हती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पण २५ सभासद अपात्र आहेत, हेही त्याने सांगितलं. डिसेंबरमध्ये सरकारने अहवाल विधिमंडळात ठेवला आणि त्याच दमात फेटाळला. पुढच्याच महिन्यात तो अंशतः स्वीकारलाही. मधल्या काळात पुरावा बदलला नव्हता. राहुल गांधींनी जाहीरपणे नापसंती दाखवली होती, एवढाच काय तो फरक. चौकशीचं भवितव्य पक्षश्रेष्ठींच्या एका वाक्यावर हलत असेल तर त्याला उत्तरदायी कारभार म्हणणं धाडसाचं आहे.

४. मंजुरीची पायरी

आयोगानंतर, किंवा आयोग नसतानाही, खटला भरायचा तर आणखी एक दार लागतं. सरकारी पदावरच्या माणसावर भ्रष्टाचाराचा खटला चालवण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यामागचा हेतू प्रामाणिक आहे. रोज शेकडो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर दुखावलेला प्रत्येक ठेकेदार खटला भरू लागला तर तो सही करायलाच घाबरेल. म्हणून आधी कोणीतरी गाळणी लावावी. अडचण गाळणीची नाही, ती कोणाच्या हातात आहे याची आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीवर हिशेबात गडबड केल्याचा आरोप आहे, दप्तराच्या कपाटाची किल्ली कमिटीकडे आहे, कमिटी सेक्रेटरीच्याच पॅनेलची आहे, आणि कपाट कधी उघडायचं याची तारीख कुठेच लिहिलेली नाही, अशी ती स्थिती आहे.

बॅरिस्टर अंतुले यांचं प्रकरण या पायरीवर जितकं रेंगाळलं तितकं क्वचितच दुसरं कुठलं. १९८० ते ८२ या काळात ते मुख्यमंत्री होते. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होतं, आणि बांधकाम व्यावसायिकांना वाढीव सिमेंट देण्याच्या बदल्यात ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’सारख्या विश्वस्त निधींना देणग्या घेतल्या जातात, असा आरोप होता. अरुण शौरी यांनी १९८१ च्या ऑगस्टअखेर इंडियन एक्स्प्रेसमध्ये तो मांडला. पुढच्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. इथपर्यंत पाच महिने लागले, म्हणजे ‘पद’ हा हिशेब वेळेत झाला. ‘शिक्षा’ या हिशेबाकडे वळलो की घड्याळ बंद पडल्यासारखं होतं. मंजुरी कोण देणार? राज्यपाल. पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि मंत्रिमंडळ त्याच पक्षाचं. अशा बाबतीत त्यांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं, अशी भूमिका घेतली गेली आणि १९८२ मध्ये मंजुरी आली. मग प्रश्न निघाला की अंतुले अजून आमदार आहेत, तेव्हा आमदार म्हणूनही वेगळी मंजुरी हवी की नको. १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी ‘हवी’ म्हणत त्यांना आरोपमुक्त केलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नको’ म्हटलं, आणि खटला लवकर व्हावा म्हणून तो थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. एप्रिल १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच सात न्यायाधीशांच्या पीठाने हे सोपवणंच चूक होतं, असा बहुमताने निर्णय दिला. आरोप छापून आल्याला तोवर साडेसहा वर्षं झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयात वाद चालला होता तो कोणत्या कोर्टात बसायचं याचा. आरोपीच्या बाजूने पाहिलं तरी हा न्याय नव्हे. कलंक डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षं थांबायला लागणं ही निर्दोष माणसासाठीही शिक्षाच.

‘आदर्श’च्या वेळी तीच पायरी पुन्हा आली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी अशोक चव्हाण यांच्यावरील खटल्याला मंजुरी नाकारली. राज्यात आणि केंद्रात तेव्हा काँग्रेसच्या नेतृत्वाखालची सरकारं होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. आता दोन्हीकडे भाजप होता. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही मंजुरी रद्द केली. आधीचा नकार फिरवायला नवा पुरावा लागतो, आणि जो नवा म्हणून दाखवला, ज्यात आयोगाचा अहवालही होता, तो खटल्यात टिकणारा पुरावा नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. वर सांगितलेला आयोगाचा दुबळेपणा इथे येऊन नडला. दोन राज्यपालांच्या मनात काय होतं हे शोधण्यात अर्थ नाही. दोघांचाही निर्णय निखळ असेल. पण सत्ता बदलली की उत्तर बदलतं असं दिसू लागलं, तर नकारावर विरोधकांचा विश्वास बसत नाही आणि होकारावर आरोपीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले.

५. राजीनामा आणि मतपेटी

राजीनामा ही सुरुवात असायला हवी. आपल्याकडे तो पूर्णविराम ठरतो. सिंचनाचं उदाहरण घ्या. दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही सिंचनक्षमता जेमतेम ०.१ टक्क्याने वाढली, असा अर्थ राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून निघाला. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पद सोडलं. नोव्हेंबरअखेर सरकारची श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते परतले. पुढे २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांच्याविरुद्ध काही आढळलं नसल्याचं उच्च न्यायालयाला सांगितलं, हेही नोंदवायला हवं. पण राजीनामा ते पुनरागमन या दोन-अडीच महिन्यांत सगळी चर्चा एका माणसाच्या खुर्चीभोवती फिरली. धरणांचे खर्च मंजुरीनंतर कित्येक पटींनी का फुगतात, ते फुगवायला कोणाची सही लागते, आणि अर्धवट कालवे कधी पुरे होणार, हे दुरुस्तीच्या हिशेबातले प्रश्न मागे पडले. विदर्भातल्या शेतकऱ्याला यांतल्या कुठल्याही शपथविधीने पाणी मिळालं नाही.

‘शेवटी जनता आहेच; मतपेटीतून ती हिशेब चुकता करते,’ असा एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लोकशाहीत अंतिम शब्द मतदाराचाच. मात्र मत हे फार बोथट हत्यार आहे. शंभर मतदारांतल्या तिसांना पाणी महत्त्वाचं वाटतं, पंचविसांना पिकाचा भाव, विसांना आपल्या समाजाचा उमेदवार, पंधरांना रस्ता आणि दहांना घोटाळा. हे दहाही जण दुसरीकडे वळले तरी निकाल बाकीच्या नव्वदांच्या मनातल्या गोष्टींवर ठरतो, आणि निवडून आलेला नेता सांगतो की जनतेच्या न्यायालयाने मला निर्दोष सोडलं. तिसांनी पाण्यासाठी दिलेलं मत निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र कसं होईल? शिवाय मत पाच वर्षांनी एकदा, आणि तेही आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारापुरतं. ज्या अधिकाऱ्याने सही केली त्याच्यापर्यंत ते पोहोचतही नाही.

६. जे. जे. रुग्णालयातलं ग्लिसरीन

तिन्ही हिशेबांत सर्वात दुर्लक्षित राहतो तो दुरुस्तीचा, आणि त्याची किंमत सर्वात जास्त असते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेलं ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचं होतं आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. हे रसायन कारखान्यात चालतं. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्याकडेच आली. पुरवठादार, रुग्णालयाचे अधिकारी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या सगळ्या पायऱ्यांवर त्यांनी बोट ठेवलं. अहवाल १९८८ मध्ये लोकांसमोर आला तेव्हा आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

तेच रसायन १९९८ मध्ये दिल्लीजवळ गुडगावात खोकल्याच्या औषधातून ३३ मुलांच्या पोटात गेलं आणि ती दगावली. २०१९ च्या अखेरीस जम्मूतल्या रामनगरमध्ये किमान ११ बालकं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २० हून अधिक मुलं मेली; तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात हे रसायन निम्म्याच्या आसपास होतं. दर वेळी कोणाला तरी निलंबित केलं गेलं, कोणाला तरी अटक झाली. कच्चा माल आणि तयार औषध तपासण्याचे नियम कागदावर आधीपासून होते. ते पाळले जातात का हे बघणारी यंत्रणा राज्याराज्यांत विखुरलेली आहे, आणि एका राज्यातल्या आयोगाच्या शिफारशींचं काय झालं हे पुढे विचारत राहण्याचं काम कोणाचंच नाही. अहवाल स्वीकारण्याचा समारंभ होतो. तीन वर्षांनी त्याच्या अंमलबजावणीचा तक्ता सभागृहात ठेवण्याची कायद्यात तरतूदच नाही.

७. मुदत आणि दंड

मुदती कायद्यात आहेत. आयोगाचा अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत केलेल्या कारवाईच्या निवेदनासह सभागृहात ठेवायचा असतो. खटल्याच्या मंजुरीवर तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात, निर्णय व्हावा असं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये घातलं गेलं. त्याच दुरुस्तीने पदाच्या नात्याने घेतलेल्या निर्णयाची नुसती प्राथमिक चौकशी करायलाही आधी संमती लागेल असं केलं, म्हणजे वाटेत एक दार वाढलं. मुदत उलटली तर काय, याचं उत्तर मात्र दोन्हीकडे नाही. याउलट माहिती अधिकाराच्या कायद्यात ३० दिवसांत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत, स्वतःच्या पगारातून दंड बसू शकतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखला वेळेत न देणाऱ्या कर्मचाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांचा दंड आहे. ‘आदर्श’चा अहवाल सहा महिन्यांची मुदत उलटल्यावर सुमारे दोन महिन्यांनी सभागृहात आला. तहसील कचेरीतल्या माहिती अधिकाऱ्याला लागू होणारा दर मंत्रिमंडळाला लावला असता तर हा विलंब साधारण १५ हजार रुपयांचा झाला असता. रक्कम हास्यास्पद आहे, पण तेवढीही कोणाला भरावी लागली नाही.

मंत्रिमंडळाला दंड करा, असं इथे सुचवायचं नाही. विलंबाचा फायदा विलंब करणाऱ्याला मिळू नये, एवढी सोय पुरते. सहा महिन्यांत अहवाल मांडला नाही तर सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो आपोआप सार्वजनिक व्हावा. मंजुरीवर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर ती दिली असं धरावं, आणि नाकारली तर कारणं लेखी प्रसिद्ध व्हावीत, म्हणजे पुढच्या सरकारला ती फिरवताना आणि न्यायालयाला तपासताना समोर काहीतरी असेल. राष्ट्रीय सुरक्षेचे किंवा दंगल भडकवू शकतील असे तपशील यातून फुटतील, अशी भीती घातली जाते. तेवढी पानं वगळता येतात. माहिती अधिकारात आजही वगळली जातात, आणि वगळण्याला आव्हानही देता येतं. निर्णयप्रक्रिया लुळी पडेल हा दुसरा धाक. कर्नाटकात लोकायुक्त संतोष हेगडे यांचा खाणींवरचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि काही दिवसांतच मुख्यमंत्री येडियुरप्पांना जावं लागलं. सरकार पडलं नाही, त्याच पक्षाचा दुसरा मुख्यमंत्री आला आणि कारभार चालू राहिला.